आजारी भिक्खूचं पान

लातूरला आमच्या कॉलनीतल्या विहारात गेली काही वर्षं वर्षावासाचं ग्रंथवाचन माझ्याकडे आहे. आषाढी पौर्णिमेला सुरू करायचं, रोज संध्याकाळी थोडं थोडं वाचायचं, आश्विन पौर्णिमेला समाप्ती करून खीर वाटायची, असा तीन महिन्यांचा नेम. मी पान उलटलं की आधी पानाचा आकडा मोठ्यानं सांगते. ‘एकशे बारा.’ मग वाचते. ‘एकशे तेरा.’ ऐकणाऱ्यांना ते खटकतं. एका शिकलेल्या सूनबाईंनी मला सांगूनही पाहिलं, “काकू, आकड्यांमुळे मध्येच लिंक तुटते.” मी म्हटलं, तुटू दे. लोकांचा समज असा की डेपोत गाड्यांची वेळापत्रकं करण्यात हयात गेली, त्यामुळे या बाईला आकड्यांचं वेड. पण कारण डेपोच्या फार आधीचं आहे. ते एकदा लिहून टाकते, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगत बसायला नको.

आमचं गाव हदगाव तालुक्यात. घर दोन खोल्यांचं, पुढच्या खोलीत भिंतीवर दोन तसबिरी शेजारी शेजारी, त्यांच्याखाली फळीवर मेणबत्तीच्या मेणाचे जुने थेंब. मी बारावी पास होऊन जूनपासून घरात होते आणि घर मला पुरत नव्हतं. भाकरी थापताना माझा एक कान रस्त्याकडे असायचा. कुठली गाडी गेली, कुठली आली नाही, हे मला आवाजावरून कळायचं. हातातली कामं मी धाडधाड उरकायची आणि मग करायला काही नाही म्हणून अंगणात फेऱ्या मारायची. माय वैतागायची. “खाली बस ना गं जरा. भोवरा हाय का तू?” बसले की पाय हलायचा. पाय हलवणं अशुभ वगैरे आमच्या घरात कुणी मानत नव्हतं, पण मायला त्याचा त्रास व्हायचा हे खरं.

माय दर पौर्णिमेला अष्टशील घ्यायची. त्या दिवशी पांढरं लुगडं, आणि दुपारी बारानंतर दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत अन्नाचा कण नाही. पौर्णिमा म्हणून मजुरी बुडवणं परवडणारं नव्हतं. शेतावर पांढरं लुगडं मळू नये म्हणून ती वरून जुनं धोतर गुंडाळायची आणि पाटलांच्या रानात खुरपायला जायची. बरोबरीच्या बायका तिला चिडवत, “तुमचा उपास उलटाच की वो बाई! सकाळी दाबून खाता आन् संध्याकाळी उपाशी झोपता. आमचा बरा, दिवसभर उपाशी राहून रात्री साबुदाणा तरी मिळतो.” माय हसायची आणि भाकरी सोडायची. तिच्याकडे घड्याळ नव्हतं. साडेअकराची किनवट गाडी वळणावर हॉर्न द्यायची, तो हॉर्न ऐकला की ती हात धुऊन जेवायला बसायची आणि चार घासांत उरकायची. गाडी कधी एक वाजता आली तर माय एक वाजता जेवायची. तिला ते कधी कळलं नाही. मला कळत होतं, पण मी सांगितलं नाही.

विहार म्हणजे पत्र्याची एक लांब खोली, खाली फरशी, पुढच्या टोकाला चबुतऱ्यावर बुद्धमूर्ती. आधीची पाच-सहा वर्षं शाळेतले गुरुजी वाचायचे. त्या वर्षी त्यांची किनवटकडे बदली झाली आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला न विचारता सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “वाचनाचा जिम्मा यंदा माझ्या कांताचा.” दिवे लागायच्या वेळी बायका शेतातून परत यायच्या, हातपाय धुऊन, चूल पेटवायच्या आधी विहारात येऊन बसायच्या. मी पुढे उभी राहून त्रिशरण-पंचशील म्हणायची, लोक मागून म्हणायचे, मग ग्रंथावरचं पांढरं फडकं काढायचं आणि पाच पानं वाचायची. सुरुवातीला मला ते आवडलं, हे कबूल करते. चाळीस माणसं गप्प बसून आपलं ऐकतात ही गोष्ट अठराव्या वर्षी डोक्यात चढते. पण आठ दिवसांत ते जुनं झालं. ज्यांना वाचता येत नव्हतं ते ऐकत होते, आणि मला वाचता येत होतं तरी मी पुढची ओळ वाचता वाचता रस्त्यावरची गाडी ऐकत होते.

ऐकणाऱ्यांत सगळ्यात पुढे गयाआत्या असायची. नात्यानं आत्या नाही, सगळं गावच तिला आत्या म्हणायचं. विहार तीच झाडायची, चावी तिच्याकडे असायची. तिचा नवरा सात वर्षं अंथरुणाला खिळून होता आणि त्याचं सगळं तिनं एकटीनं केलं होतं. त्या दिवसांत तिच्या दारावरून जाताना बायका नाकाला पदर लावत. तो गेल्यावर ती विहारात यायला लागली. ग्रंथात एक छोटा प्रसंग आहे. एक भिक्खू हगवणीनं आजारी, आपल्याच घाणीत पडलेला, कुणी त्याच्याकडे बघत नाही. तेव्हा बुद्ध आणि शिष्य आनंद स्वतः पाणी आणून त्याला धुतात, एक डोक्याकडून आणि एक पायांकडून उचलतो आणि त्याला खाटेवर निजवतात. एवढंच. दीड-दोन पानांचं प्रकरण. गुरुजी सांगायचे, ते पान कुठल्या दिवशी येणार हे गयाआत्या आधी विचारून ठेवते आणि त्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन येते.

पितृपंधरवड्यात मामांचं पत्र आलं. मामा लातूरला होते. मुलींसाठी टायपिंग आणि शॉर्टहँडचा वर्षभराचा वर्ग दिवाळीनंतर सुरू होत होता, राहायची सोय त्यांचीच, निवडीची परीक्षा मात्र दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. पत्र वाचून मी विहिरीवर जाऊन दोन घागरी पाणी आणलं, घरात पाणी होतं तरी. दुसरीकडे भोकरहून एक स्थळ आलेलं होतं. मुलगा चांगला होता, मी त्याला नावं ठेवणार नाही, पण पौर्णिमा झाली की ती माणसं बघायला येणार होती, आणि एकदा बघून गेली की पुढचं सगळं आपोआप होतं हे मी मोठ्या बहिणीच्या वेळी पाहिलं होतं. परीक्षेला गेले नाही तर दिवाळीनंतर मी भोकरला असणार, हे उघड होतं.

आबांनी पत्र दोनदा वाचून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. फक्त दिलेला शब्द त्यांना फार जड वाटायचा. “वाचन मधी सोडता येत न्हाई,” ते म्हणाले. “ग्रंथ पुरा कर आन् जा. पुरा झाल्यावर तुला कोण अडवून राहिलं?”

“दसऱ्याच्या आधी पुरा झाला तर?”

“तर दसऱ्याच्या आधी जा. मीबी नवमीला नागपूरला निघतो. तू लातूरला निघ.”

मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. पावसानं मध्ये आठ-दहा दिवस वाचनाला खाडा पडला होता, त्यामुळे एकशे तीस पानं शिल्लक होती. अष्टमीपर्यंत दिवस सतरा. पहिल्याच दिवशी मी आठ पानं वाचायला घेतली तर सहाव्या पानाला बायका उठायला लागल्या. “चुली तशाच हायत बाई, पोरं रडून राहिलीत.” मागून एकीनं टोमणा मारला, “लई पळवून राहिली पोरगी. मागं कुत्रं लागलं का काय?” आबा म्हणाले, पाच-सहाच्या वर नको, लोकांना समजलं पाहिजे. सहानं गुणलं. एकशे दोन. अठ्ठावीस पानं काही केल्या बसत नव्हती.

तेव्हा मी पानं गाळायचं ठरवलं. ठरवताना फार विचार केला असं म्हणणं खोटं होईल. दुपारी विहारात जाऊन मी पुढची पानं चाळून ठेवायची आणि जिथून उडी मारली तरी सांधा कळणार नाही अशी जागा बघायची. तशी दोन पानं रोज मिळायची. वाचताना बोटाला थुंकी लावून दोन पानं एकदम उलटायची, आवाज न थांबवता. एक नियमही केला, गोष्टी गाळायच्या नाहीत, चर्चा गाळायची. पण पुढे पुढे घाई वाढली तसा तो नियमही गेला. आजारी भिक्खूचं पान मी मुद्दाम गाळलं का? हगवणीचं मोठ्यानं वाचायला मला लाज वाटत होती, आणि ते नेमकं दोन पानांत बसत होतं. एवढं त्याला पुरलं.

त्या संध्याकाळी पान उलटून मी पुढचं वाक्य सुरू केलं आणि पुढून आवाज आला, “थांब गं कांते. आजारी भिक्खूचं राहिलं ना?”

गयाआत्याला एक अक्षर येत नव्हतं. पण कशानंतर काय येतं हे तिला पाठ होतं. मी मान वर केली. आबा खांबाला टेकून बसले होते आणि माझ्याकडेच बघत होते.

“ते झालं की आत्या,” मी म्हणाले. “मागंच झालं. सोमवारी. तू नव्हतीस त्या दिवशी.”

“नव्हते का मी?”

“नव्हतीस.”

मागची एक बाई म्हणाली, “असशील तरी झोपली असशील भिताडाला टेकून, म्हातारे.” लोक हसले. गयाआत्याही थोडी हसली. “असंन बाई,” ती म्हणाली. मी पुढचं वाचायला घेतलं. अर्ध्या तासापूर्वी याच जागेवर उभं राहून मी सगळ्यांकडून खोटं न बोलण्याचं चौथं शील म्हणवून घेतलं होतं, हे मला तेव्हा आठवलं नाही. घरी भात ओरपताना आठवलं, आणि मी ताट बाजूला सारलं.

अष्टमीला ग्रंथ पुरा झाला. आबांनी त्याच्यावर फुलं वाहिली, उभं राहून सांगितलं की पोरीनं सात दिवस आधी जिम्मा पार पाडला, पौर्णिमेला आता फक्त वंदना आणि खीर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या रात्री मी पिशवी तीनदा भरली आणि तीनदा रिकामी केली. नवमीला आबा अंधार असतानाच गावच्या लोकांबरोबर नागपूरच्या ट्रकनं गेले. माझी हदगावची गाडी नऊला होती. मी आठपासून थांब्यावरच्या बाभळीखाली उभी होते.

गयाआत्या येताना दिसली तेव्हा वाटलं, निरोप द्यायला आली. जवळ आल्यावर दिसलं की तिच्या काखेत पांढऱ्या फडक्यात बांधलेला ग्रंथ आहे. केस ओले होते.

“हे काय आत्या? ग्रंथ हितं काहून आणला?”

“वाच.”

“काय वाचू?”

“तुला ठाऊक हाय काय.” ती दगडावर बसली आणि फडकं सोडायला लागली. “म्या एक दिवस चुकले न्हाई, कांते. पाय सुजला होता तरी आले. सोमवारी मी तुझ्या पुढ्यातच होते. तू बघितलं न्हाई, तू समदा टाइम रस्त्याकडं बघती.”

“मंग तवाच काहून न्हाई बोललीस?”

“तुझा बाप बसला होता ना खांबाजवळ. बोलले असते तर आज तू हितं उभी असती का? भोकरला जायचं तर भोकरला जा, लातूरला जायचं तर लातूरला जा, मला काय करायचं. पर माझं पान देऊन जा.”

मी पान शोधलं. ते लवकर सापडेना. सापडल्यावर वाचायला लागले. पहिल्यांदाच ते पान मी स्वतः नीट वाचत होते. घाणीचा उल्लेख आला तिथे माझा आवाज उतरला. गयाआत्या म्हणाली, “मोठ्यानं.” बुद्ध आनंदाला पाणी आणायला पाठवतो तिथे वळणावर हॉर्न वाजला. गाडी आली, धुरळा आला, कंडक्टर दारात उभा राहून ओरडला, “चला चला! शाळा हितंच भरली का?”

गयाआत्या उठली आणि एक पाय गाडीच्या पायरीवर ठेवून उभी राहिली. “थांब रे बाबा. भिक्खूला न्हाऊ घालून होऊ दे.”

“कोणाला?” कंडक्टर म्हणाला.

“वाच गं तू.”

मी वाचलं. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला, खिडक्यांतून डोकी बाहेर आली. एकानं डोक्याकडून आणि एकानं पायांकडून उचलून त्याला खाटेवर ठेवलं, तिथपर्यंत वाचून मी थांबले. गयाआत्याचे डोळे कोरडे होते. तिनं मान हलवली, जशी एखादं काम बरोबर झालेलं बघून हलवतात. ग्रंथ माझ्या हातातून घेऊन बांधला आणि पायरीवरचा पाय काढला.

“अजून किती गाळली?”

“समदी मिळून अठ्ठावीस.”

“पुनवेला ये,” ती म्हणाली आणि गाडीच्या पत्र्यावर थाप मारली.

लातूरला काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण तेव्हाही माझं लक्ष तिथे नव्हतं. मामींनी पुरणपोळी केली, परीक्षेच्या खोलीत पंख्याचा आवाज होता, पेपर बरा गेला. मामा म्हणाले, निकाल लागेपर्यंत राहा, खिरीसाठी कशाला एवढा लांबचा प्रवास? मी म्हटलं, जायचं आहे. दोन गाड्या बदलून चतुर्दशीच्या संध्याकाळी घरी पोचले. आबा नागपूरहून आले होते, खुशीत होते. मी त्यांना काही बोलले नाही. धाडस नव्हतं. सगळ्यांसमोर बोलणं त्यांना एकट्याला सांगण्यापेक्षा सोपं जाईल असं वाटलं.

पौर्णिमेला सकाळी दहाला विहार भरला. सगळे पांढऱ्या कपड्यांत. बाहेर दगडांच्या चुलीवर खिरीचं मोठं पातेलं होतं, वेलदोड्याचा वास आत येत होता. माय, गयाआत्या आणि आणखी सात बायकांनी सकाळीच अष्टशील घेतलं होतं, म्हणून खीर साडेअकराच्या आत वाटायचं ठरलं होतं. आबा मला म्हणाले, पंचशील घे. मी उभी राहिले आणि म्हणाले, “आधी एक सांगायचं हाय. ग्रंथ पुरा झालेला न्हाई. म्या अठ्ठावीस पानं गाळली. आन् गयाआत्याला खोटं सांगितलं.”

माझ्याकडे न बघता आबा हळू आवाजात म्हणाले, “आणा ग्रंथ.” मग लोकांना म्हणाले, “आधी पानं, मंग खीर. ज्यांनी अष्टशील घेतलं त्यांनी बाहेर जाऊन खाऊन घ्या. त्यांना बाराची अट हाय.”

मी वाचायला लागले. उभ्यानंच. पहिल्या पानाला आकडा सांगितला, म्हणजे कुणाला शंका नको, आणि मग प्रत्येक पानाला सांगत गेले. सात पानं झाली, दहा झाली. पोरं दारात जाऊन पातेल्यात डोकावून परत येत होती. अकरा वाजून गेले तरी त्या नऊ बायकांतली एकही उठली नाही. गयाआत्या मांडी घालून पुढे बसली होती, ती हललीच नाही तर बाकीच्या कशा उठणार? मी भरभर वाचायला लागले की ती नुसता हात वर करायची. मी पुन्हा हळू व्हायची. मग वळणावर किनवट गाडीचा हॉर्न वाजला. वर्षभर उशिरा येणारी गाडी त्या दिवशी नेमकी वेळेवर. मायनं दाराकडे पाहिलं. तिचा एक हात जमिनीवर टेकला, उठण्यासाठी. माझं वाचन अडखळलं. मायनं माझ्याकडे पाहिलं, हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

शेवटचं पान वाचून झालं तेव्हा एक वाजून गेला होता. खीर घट्ट होऊन पातेल्याला लागली होती. पुरुषांनी खाल्ली, पोरांनी खाल्ली, मला कुणीतरी वाटी दिली ती मी हातात धरून उभी राहिले. नऊ बायका रांजणाजवळ जाऊन पाणी प्यायल्या आणि पदरानं तोंड पुसून घरी गेल्या. जाताना गयाआत्या माझ्याजवळ थांबली. “आवाज चांगला हाय तुझा,” ती म्हणाली. “घाई लई.”

त्या दिवशी घरात कुणी मला रागावलं नाही, आणि त्यामुळे मला बसवत नव्हतं की उभं राहवत नव्हतं. माय भुकेनं भिंतीला टेकून होती. मी पाणी नेऊन दिलं, तिनं घेतलं. संध्याकाळी आबा अंगणात कापसाची पोती शिवत बसले होते. मी ओसरीच्या खांबाला धरून उभी होते. निकाल अजून लागायचा होता, पण विचारायला तोंडच नव्हतं.

आबांनी दाभण पोत्यात तसंच ठेवलं. “पुरा झाला का ग्रंथ?”

“झाला.”

“समदा?”

“समदा.”

आतून माय म्हणाली, “भोकरवाले परवा येणार हायत वो.”

“त्यांना सांगतो, पोरगी शिकायला चालली,” आबा म्हणाले आणि पुन्हा दाभण हातात घेतलं. “पुरा झाल्यावर जा म्हणलं होतं. झाला ना पुरा? मंग जा.”